वीतभर बाहेर

ओटमार वेसेलिंगने अडतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढली आणि त्या अडतीस वर्षांत रूळ मोकळा नसताना त्याने एकदाही 'मोकळा' असं सांगितलं नाही. ही काही सांगण्यासारखी गोष्ट आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. केबिनमधला माणूस खिडकीतून बघतो, जे दिसतं ते बोलतो, ते वहीत लिहितो. केबिन बंद झाली, तिचं काम हानोफरच्या एका संगणकाकडे गेलं, आणि ओटमार घरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभा राहू लागला. समोरच्या गल्लीत काय चाललंय ते तो बघायचा. सांगायला मात्र कुणी नव्हतं.

अशात त्याच्या बायकोने, वालबुर्गाने, बेकरीच्या दारावरची एक जाहिरात काढून आणली. वेस्टरहागनच्या फुटबॉल क्लबला माणसं हवी होती. मैदानावर येणाऱ्या अंध प्रेक्षकांच्या कानात सामना सांगणारी.

"तुला बघायला आवडतं आणि बोलायला आवडत नाही," ती म्हणाली. "म्हणजे अर्धं काम तुला येतंच."

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते शीक. घरात 'मीठ कुठे आहे' विचारलं की तू नुसतं बोट दाखवतोस. तिथे ते चालायचं नाही."

चाचणीला चौघे आले होते. तिघांचे आवाज रेडिओवरच्या निवेदकांसारखे होते. चढत जाणारे, थरथरणारे. ओटमारची पाळी आली तेव्हा तो खाकरला आणि म्हणाला, "चेंडू मधल्या रेषेपासून दहा मीटर, नदीकडे. आपल्या माणसाच्या पायाशी. एकटा आहे. आता दोघे आले. चेंडू गेला."

पुढच्या रांगेत एल्फ्रीड टीमान बसल्या होत्या. जन्मापासून अंध. साखर कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर त्यांनी चाळीस वर्षं काढलेली. त्यांनी सामना ऐकायचं कानातलं यंत्र काढलं आणि क्लबच्या माणसाला सांगितलं, "हा राहू दे. बाकीचे मला त्यांना काय वाटलं ते सांगतात. काय वाटून घ्यायचं ते माझं मी बघेन."

ह्याला आता अकरा मोसम झाले होते.

वेस्टरहागनचं मैदान लाइने नदी आणि साखर कारखाना यांच्या मधल्या सपाट तुकड्यावर आहे. एक गोल नदीच्या बाजूला, दुसरा कारखान्याच्या बाजूला. त्यामुळे ओटमार डावं-उजवं कधी म्हणत नसे. 'साखरेकडे' आणि 'नदीकडे' एवढंच म्हणे. सप्टेंबर उलटला की कारखान्यात साखरेचं बीट शिजायला लागायचं आणि गोड, मातकट, किंचित कुजका असा वास मैदानावर येऊन बसायचा. पाहुण्या संघाचे लोक नाकाला रुमाल लावायचे. गावातल्यांना तो वास आला नाही तर चुकल्यासारखं व्हायचं.

ऐकणारे सहा जण होते. ते एका रांगेत बसत आणि सांगणारे दोघे त्यांच्या मागे, दोन पायऱ्या वर. दर पंधरा मिनिटांनी सांगणारा बदलायचा. ओटमारची जोडीदार स्वेन्या ल्युबिंग, विद्यापीठात शिकणारी. चपळ, आणि ओटमारपेक्षा दुप्पट बोलणारी. आपलं बोलणं ऐकणाऱ्यांचे चेहरे ओटमारला कधी दिसत नसत. त्याला दिसायच्या त्या सहा पाठी. लाल-काळे मफलर गुंडाळलेल्या माना, आणि खांदे. या पाठी वाचायला तो हळूहळू शिकला होता. चेंडू पुढे सरकला की खांदे किती वर जातात, कुणाचे आधी जातात, कुणाचे जातच नाहीत.

त्याला या माणसांबद्दल फार कुतूहल होतं. ते तो दाखवत नसे, पण एखादा प्रश्न कधीतरी निसटायचाच.

"टीमानबाई, 'चेंडू हवेत वळत आला' असं मी म्हणतो तेव्हा तुम्हाला नेमकं काय होतं?"

"काही नाही होत. हवेत वळणं म्हणजे काय ते मला कुठे ठाऊक आहे? पण तू तसं म्हणतोस तेव्हा तुझा श्वास वर जातो. तो खाली येईपर्यंत मी थांबते."

शेजारी बसलेला आइके हसला होता. आइके चौतीस वर्षांचा, हाडं-स्नायूंच्या दुखण्यावर उपचार करणारा. सव्विसाव्या वर्षी त्याची दृष्टी गेली. "मला तर दिसतं," तो म्हणाला. "तू बोलतोस आणि मला दिसतं. फक्त त्यात सगळे खेळाडू आठ वर्षांपूर्वीचे असतात. जुन्याच पोरांवर मी नव्यांची नावं चिकटवतो."

ओटमार हे घरी जाऊन वालबुर्गाला सांगायचा. एरवी तो घरी काहीच सांगत नसे.

त्या वर्षीचा मोसम ऑगस्टमध्ये दोन विजयांनी सुरू झाला. अठरा संघांच्या त्या दुसऱ्या दर्जाच्या साखळीत वेस्टरहागन एक आठवडाभर तिसरं होतं, आणि बेकरीवालीने खिडकीत लाल-काळा केक मांडला होता. मग संघ हरायला लागला. आधी एका गोलने, मग दोनने, मग कसंही. शेवटचे दोन संघ सरळ तिसऱ्या साखळीत ढकलले जातात. ऑक्टोबरच्या मध्याला वेस्टरहागन सतरावं होतं.

पाठी खाली बसू लागल्या. खांद्यांची हालचालच थांबली. लोक येत, कानात यंत्र घालत, ऐकत, घरी जात. एका शनिवारी शेवटची वीस मिनिटं आइकेने नुसती बिअर हातात धरून काढली, एक घोटही न घेता.

त्याच्या पुढच्या घरच्या सामन्याला ती चूक झाली. दुपारचा एक वाजून गेलेला, ऊन तिरपं, थेट डोळ्यांत येणारं. पुढच्या फळीतल्या क्रोगमानने साखरेकडच्या गोलवर जोरात फटका मारला आणि धातूवर चेंडू आदळल्याचा आवाज आला. ओटमारने डोळ्यांवर हात धरला होता. तो म्हणाला, "खांब. चेंडू खांबावर."

सहाच्या सहा पाठी ताठ झाल्या. आइकेचे दोन्ही हात वर गेले.

मध्यंतरात शेजारच्या वार्ताहराच्या पडद्यावर ओटमारने तो फटका पुन्हा पाहिला. चेंडू खांबापासून मीटरभर बाहेरून गेला होता आणि मागच्या जाहिरातीच्या लोखंडी चौकटीवर आपटला होता. ओटमार लगेच उठला. केबिनमध्ये असता तर त्याच मिनिटाला त्याने फोन उचलला असता. तो दोन पायऱ्या उतरून खाली आला.

आइके आधीच वळला होता. त्याचा चेहरा पूर्ण उघडा होता. महिनाभरात ओटमारने तो तसा पाहिला नव्हता.

"खांब," आइके म्हणाला. "मी आवाज ऐकला, ओटमार. खांबच होता तो. आज आपण हरलो तरी चालेल. खांबावर मारणारा संघ मेलेला नसतो."

ओटमार म्हणाला, "कुणाला कॉफी हवीय का?"

पुढचं सगळं या एका न बोललेल्या वाक्यातून आलं. पुढच्या सामन्यात चेंडू आडव्या दांड्याच्या बराच वरून गेला आणि ओटमार म्हणाला, "थोडक्यात वरून." त्याच्या पुढच्या सामन्यात तो म्हणाला, "वीतभर बाहेर." वीतभर म्हटलं की खांदे वर जायचे. दोन मीटर म्हटलं की नाही जायचे. फरक इतका छोटा होता, आणि निकाल तर तोच राहायचा. हरलेला सामना तो जिंकलेला सांगत नव्हता. चेंडू फक्त थोडा जवळून जाऊ देत होता. नोव्हेंबरभर वेस्टरहागनचे फटके ओटमारच्या तोंडून गोलच्या जवळ जवळ सरकत राहिले, आणि गुणतक्त्यात संघ होता तिथेच राहिला.

स्वेन्याच्या हे लक्षात आलं असावं. एकदा पाळी बदलताना तिने माइक हाताने झाकून विचारलं, "ओटमार, चष्म्याचा नंबर तपासलायस का तू?"

"तपासलाय."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, पण त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

नाताळ ते जानेवारी सामने बंद असतात. या सुट्टीत, जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, ही मंडळी दरवर्षी पायी निघायची. हातगाडीवर दारूच्या बाटल्या आणि गळ्यात दोरीने लटकवलेले छोटे पेले. गोठलेल्या शेतांमधून सहा किलोमीटर चालायचं, दर चौकात थांबून एकेक पेला घ्यायचा, आणि शेवटी एका खाणावळीत हिरवा कोबी आणि सॉसेज पोट फुटेपर्यंत खायचं. गावोगावच्या लोकांची ही रीत. अंध मंडळी एकेका डोळसाच्या कोपराला धरून चालत. टीमानबाई ओटमारच्या कोपराला धरायच्या, अकरा वर्षं.

त्या दिवशी त्या जरा मागे राहिल्या. हातगाडीचा खडखडाट, आइकेचं हसणं, वालबुर्गाचं ओरडणं हे सगळं पुढे जाऊ दिलं. मग त्या थांबल्या.

"ओटमार, इथे सपाट आहे का?"

"सपाट आहे. बीट काढलेलं शेत. माती गोठलीय."

"मग तू खांब हो."

"काय?"

"गोलचा खांब. उभा राहा. आता मला सांग, डिसेंबरातल्या त्या शेवटच्या सामन्यात क्रोगमानचा फटका कुठून गेला? तू वीतभर म्हणालास. मला हाताला धरून तिथे नेऊन उभी कर. मी कधी खांब पाहिला नाही, चेंडू पाहिला नाही. वीत मात्र मला माहीत आहे."

ओटमारने त्यांचा हात धरला. हातमोजा लोकरीचा होता आणि ओला. त्याने एक पाऊल टाकलं आणि थांबला.

"इथे?" बाईंनी विचारलं.

त्याने अजून एक पाऊल टाकलं.

"इथे?"

अजून एक. पायाखाली बर्फ धरलेली ढेकळं फुटत होती. चौथ्या पावलाला तो थांबला. तिथून खांबाची जागा, जिथे तो आधी उभा होता, बरीच लांब दिसत होती.

"इथे," तो म्हणाला.

टीमानबाईंनी मोकळा हात पुढे केला आणि हवेत चाचपला. जणू इतकं अंतर हाताने मोजून ठेवायचं होतं.

"चाळीस वर्षं मी फोनवर 'साहेब जागेवर नाहीत' असं सांगितलं," त्या म्हणाल्या. "साहेब समोर बसून सँडविच खात असायचे. खोटं कसं वाजतं ते मला तू शिकवू नकोस. आणि मैदानात बारा हजार माणसं असतात रे. वीतभरावरून चेंडू गेला की ती आधी श्वास आत घेतात, मग सोडतात. दोन मीटरवरून गेला की कुणीतरी शिट्टी मारतं आणि कुणीतरी हसतं. त्या दिवशी हसले लोक."

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं."

"खांबाचं माहीत होतं. खांब असा वाजत नाही. पण ती चूक होती, चूक कुणाचीही होते. नंतरचं चूक नव्हतं."

"तुमच्या पाठी दिसतात मला वरून," ओटमार म्हणाला.

"मग आमच्या पाठींना काय हवंय ते तू ठरवलंस." त्यांनी पुन्हा त्याचं कोपर धरलं. "चल, थंडी वाजतेय. मी आइकेला काही सांगणार नाही, ते तुझं तू बघ. पण माझं यंत्र मी फेब्रुवारीत घेणार नाही. कान उघडे ठेवून बसेन. मैदान खोटं बोलत नाही, फक्त तपशील देत नाही."

खाणावळीत त्या वर्षीचा 'कोबीचा राजा' म्हणून सगळ्यांनी आइकेला निवडलं, कारण त्याने पाच सॉसेज खाल्ली होती. मान म्हणून त्याच्या गळ्यात डुकराच्या जबड्याचं हाड अडकवलं. ओटमारच्या पानातला कोबी तसाच राहिला.

पुढचे दहा दिवस त्याने घरी जुन्या सामन्यांची चित्रणं पाहिली. एक एक फटका थांबवून, पट्टी पडद्याला लावून. वालबुर्गा चहाचा कप घेऊन मागे उभी राहायची.

"याला तू वीतभर म्हणालास?"

"हो."

"यातून तर बस जाईल, ओटमार."

"लिहितोय मी."

"सगळ्यांसमोर वाचणार आहेस?"

"केबिनच्या वहीत चूक झाली तर खोडायची नसते. तिच्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला खरं लिहून सही करायची."

वालबुर्गा खुर्ची ओढून शेजारी बसली. "मग रेघ मार," ती म्हणाली. "पण माणसं वही नसतात, हे धरून चाल."

फेब्रुवारीतल्या पहिल्या घरच्या सामन्याआधी, खेळाडू अजून सराव करत असताना, ओटमारने माइक सुरू केला. खाली सहा पाठी होत्या, आणि त्यातल्या एकीच्या कानाला काहीच नव्हतं.

"सामना सुरू व्हायला बारा मिनिटं आहेत," तो म्हणाला. "त्याआधी काही दुरुस्त्या. अठरा ऑक्टोबर, चौतिसावं मिनिट. मी खांब म्हणालो. चेंडू खांबापासून एक मीटर बाहेर होता. जाहिरातीच्या चौकटीवर लागला. मला मध्यंतरातच कळलं होतं, मी सांगितलं नाही. एक नोव्हेंबर, साठावं मिनिट. थोडक्यात वरून म्हणालो. तीन मीटर वरून."

अशा नऊ होत्या. त्याने नऊच्या नऊ वाचल्या. आवाज नेहमीसारखाच, सपाट. तिसरी-चौथीला आइकेच्या मानेचा रंग बदलला. सातवीला त्याने कानातलं यंत्र काढलं आणि मांडीवर ठेवलं. बाकीचे चौघे हलले नाहीत. त्यांना काय वाटलं ते पाठींवरून वाचता आलं नाही. आणि ज्यांच्यासाठी म्हणून हे सगळं होतं त्या टीमानबाई तर ऐकतच नव्हत्या. त्या मैदानाकडे तोंड करून पेपरमिंट चघळत होत्या.

सामना बरोबरीत सुटला. सगळे पायऱ्या उतरून गेले तरी आइके कठड्याशी उभा राहिला.

"तो खांब माझा होता," तो म्हणाला.

"आइके—"

"थांब, मला बोलू दे. माझ्याकडे दिवसाला अकरा पेशंट येतात. त्यांच्या पाठी चोळता चोळता मी त्यांना तो खांब सांगितला. किती वेळा सांगितला माहीत आहे? ते म्हणायचे, अहो, टीव्हीवर तसं दिसलं नाही. मी म्हणायचो, तुम्ही टीव्हीवर बघता, मी तिथे होतो. एकानेही मला सांगितलं नाही की चूक आहे तुझी. आंधळ्याशी कोण वाद घालणार?"

ओटमारने मान खाली घातली, आणि मग ते आइकेला दिसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. "मी मान खाली घातलीय," तो म्हणाला.

"ते बरं केलंस." आइके हसला नाही. "मला एकट्याला बाजूला घेऊन सांगता आलं नसतं?"

"चूक सगळ्यांच्या कानात गेली होती."

"तुझे ते केबिनचे नियम. तिथे रूळ असतात, ओटमार. इथे मला चित्र दिसत होतं, आणि ते चांगलं होतं." त्याने काठी उघडली. "स्वेन्या सांगेल तेव्हा मी ऐकेन. तुझ्या पाळीला मी कान मोकळे ठेवणार."

आणि त्याने तसंच केलं. फेब्रुवारी गेला, मार्च लागला. कारखाना बंद झाला, वास गेला, नदीवरून नुसता ओला वारा यायला लागला. दर पंधरा मिनिटांनी माइक ओटमारच्या हातात आला की खाली आइकेचा हात कानाकडे जायचा. स्वेन्या एकदा म्हणाली, "मी पूर्ण नव्वद मिनिटं घेते, तू घरी आराम कर, मला काही वाटणार नाही." ओटमार म्हणाला, "चौघे ऐकताहेत." आणि पुढे बोलत राहिला. 'चेंडू चार मीटर बाहेर.' 'चेंडू प्रेक्षकांत.' 'पास चुकला, कुणाकडेच गेला नाही.' खांदे खालीच राहिले. तरी तो बोलत राहिला.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी खेळ चालू असतानाच नदीकडच्या प्रेक्षकांत हशा पिकला. हळूहळू तो सगळ्या मैदानभर पसरला. ओटमारची पाळी होती. टीमानबाईंनी एकदा डावीकडे कान केला, एकदा उजवीकडे. मग मागे वळल्या.

"ओटमार, का हसताहेत?"

त्याने माइक तसाच तोंडाशी ठेवला आणि दोन पायऱ्या खाली वाकून बोलला, म्हणजे यंत्रांतही आणि बाईंनाही ऐकू जाईल. "मैदानात बदक आलंय. नदीकडच्या पेनल्टीच्या ठिपक्यापासून तीन मीटरवर. गोलकीपर त्याला हातमोज्यांनी हाकलतोय."

"नर का मादी?"

"डोकं हिरवं आहे. नर. चालतोय, पळत नाही. आता थांबला. गोलकीपर पण थांबला. दोघे एकमेकांकडे बघताहेत."

"मग?"

"गोलकीपर मागे सरला."

टीमानबाईंच्या खांद्यांना एक छोटा झटका बसला, हसण्याचा. त्यांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर हात फिरवला. तिथे काही नव्हतं. "माझं यंत्र कुठे आहे?" त्या म्हणाल्या. "ऑफिसात असेल. पुढच्या वेळी आण. असली बदकं मला चुकवायची नाहीत." त्या दिवशी जाताना त्यांनी त्याचं कोपर धरलं. "तुझ्या दुरुस्त्यांचं मला आइकेने सांगितलं," त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीतच, रागारागात."

"मग इतके दिवस?" त्याने विचारलं.

"एकदा वाचून दाखवलं की झालं, असं मला नको होतं. आठ आठवडे मी उघड्या कानांनी तपासत होते, आणि तू काय म्हणालास ते शेजारच्यांना विचारत होते. तुझ्या तोंडून 'दोन मीटर' गेलं की लोक हसायचे. जुळत होतं."

मे महिन्यातला शेवटचा सामना आला तेव्हा संघ सोळावा होता. सोळाव्याला आणखी एक संधी मिळते. तिसऱ्या साखळीतल्या संघाशी दोन सामने खेळून जागा राखायची. पण खालचा संघ एकाच गुणाने मागे होता आणि त्याचा सामना त्याच वेळी, दुसऱ्या गावात, जिंकल्यात जमा होता. वेस्टरहागनला जिंकणं भाग होतं.

पंचाहत्तराव्या मिनिटाला एक-एक अशी बरोबरी होती. स्वेन्याने माइक ओटमारला दिला. खाली आइकेचा हात कानाकडे गेला, यंत्र निघालं, मांडीवर आलं. टीमानबाईंच्या कानात ते होतं.

त्र्याण्णवावं मिनिट. कॉर्नर. ओटमार सांगत होता, "चेंडू साखरेकडच्या कोपऱ्यात. आपले नऊ जण आत. गोलकीपरसुद्धा आत. चेंडू आला, डोकं लागलं, कुणाचं कळलं नाही, खाली पडला, रेषेपाशी, पाय, पाय, खूप पाय—"

आणि तो थांबला. अकरा मोसमांत जे वाक्य त्याला कधी लागलं नव्हतं ते तो बोलला.

"चेंडू मला दिसत नाही."

अर्धं मैदान ओरडलं. अर्धं गप्प राहिलं. मग ओरडणारेही थांबले. खेळाडू पंचाच्या भोवती जमले होते.

आइके वळला. "गेला का?"

"दिसलं नाही मला."

"तुला दिसलं नाही?"

"नाही. कुणालाच दिसलं नाही. पंचाने बोट कानाला लावलंय. आतल्या खोलीत पडद्यावर तपासताहेत."

मैदानात बारा हजार माणसं होती आणि त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. असं मैदान ओटमारने कधी ऐकलं नव्हतं. नदीवरच्या पुलावरून मालगाडी गेली, तिचे डबे मोजता आले असते. आइके तसाच त्याच्याकडे तोंड करून बसला होता, ओठ थोडे उघडे. श्वास आत घेतल्याचा, सोडल्याचा, शिट्टीचा, कसलाच आवाज त्याला मिळत नव्हता. त्याने मांडीवरचं यंत्र चाचपलं आणि कानात घातलं.

"सांग," तो म्हणाला.

"पंच मधल्या रेषेकडे बघतोय," ओटमारने माइकमध्ये सांगितलं. "बोट अजून कानावर. क्रोगमान त्याच्यापासून पाच मीटरवर, हात कमरेवर. आपला गोलकीपर अजून साखरेकडेच आहे, परत गेलेला नाही. पंच मान हलवतोय. हो-नाही असं नाही, ऐकतोय म्हणून. अजून ऐकतोय. त्याने बोट काढलं."

सहा पाठी. ओटमारला त्या दिसत होत्या. पण तो पंचाकडे बघत राहिला.

"हात आडवे केले. गोल नाही. चेंडू रेषेवर होता, आत नव्हता. शिट्टी. संपलं."

कुणी ओरडलं नाही. वरच्या रांगेतून कुणीतरी मफलर खाली टाकला, तो रिकाम्या खुर्चीवर पडला. स्वेन्याने डोळे पुसले आणि यंत्रणेच्या बटणाकडे हात नेला. सामना संपला की प्रसारण बंद करायचं, असा नियम होता. ओटमारने तिचा हात अडवला, कारण खाली कुणीच कानातलं काढलं नव्हतं.

"आता काय चाललंय?" टीमानबाईंनी विचारलं.

"आपले सात जण आडवे पडलेत. पाहुणे त्यांना उठवताहेत, हात देऊन. एक जण उठत नाही. गोलकीपर चालत नदीकडे निघालाय, एकटाच. त्याची पाण्याची बाटली तिकडच्या गोलमागे आहे, ती घ्यायला."

"क्रोगमान?" हा आइके होता. तो पुन्हा मैदानाकडे तोंड करून बसला होता, आणि ओटमारला त्याची पाठच दिसत होती.

"साखरेकडच्या गोलच्या रेषेवर बसलाय. चेंडू शेजारी आहे. त्याच्याकडे तो बघत नाहीये. बूट काढतोय. डावा काढला. बाजूला ठेवला."

"आणि उजवा?"

ओटमार पुढे झुकला. संध्याकाळचं ऊन तिरपं येत होतं आणि त्याने डोळ्यांवर हात धरला.

"थांब," तो म्हणाला. "बघतो."